समुद्रावरील रजा

मनुष्य प्रवासास निघतो तो कोठेतरी पोहोचण्यासाठी, ही समजूत इतकी जुनी आहे की तिची तपासणी करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. परंतु गेल्या शंभर वर्षांत प्रवासाचा एक असा प्रकार रूढ झाला आहे की, त्याच्यापुढे ही समजूत लटकी पडते. १९२२ च्या नोव्हेंबरात ‘लॅकोनिया’ नावाची आगबोट न्यूयॉर्कहून हौशी उतारू घेऊन निघाली आणि सुमारे १३० दिवसांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून पुन्हा न्यूयॉर्कलाच येऊन लागली. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील मायामी बंदरातून अशीच एक बोट सुटली. तिची सफर २७४ रात्रींची होती आणि शेवट मायामीतच व्हायचा होता. नऊ महिने समुद्रावर काढायचे आणि जेथे चढलो तेथेच उतरायचे! केंद्र सरकारच्या सेवकाला एका वेळी सहसा १८० दिवसांहून अधिक अर्जित रजा मिळत नाही. तेव्हा अशा सफरीचा मोह आपणांपैकी कोणास व्हावा ही भीती नाही. परंतु जी गोष्ट आपल्या आवाक्याबाहेर आहे, तिचा विचार थोड्या निर्लेप मनाने करता येतो, हा एक फायदाच म्हटला पाहिजे.

अशा सफरीत देश पाहावयास मिळतात, असे सांगण्यात येते. मिळतात, पण किती? बोट सकाळी बंदरास लागते, उतारू गावात हिंडून येतात आणि संध्याकाळी नांगर उचलला जातो. एका दिवसात गावाचा चेहरा दिसेल, ओळख होणार नाही. दोन बंदरांमधले दिवस मात्र पुष्कळ असतात. म्हणजे दीर्घ जलपर्यटनाचा खरा ऐवज बंदरांत नसून त्यांच्यामधल्या पाण्यात आहे. चहूकडे क्षितिजाचे एकच वर्तुळ, आणि बोट कितीही चालली तरी आपण त्याच्या मध्यबिंदूवरच. पंधरा रेखांश ओलांडले की घड्याळ तासाने मागेपुढे करावयाचे. स्वयंपाकाची चिंता नाही, अंथरूण कोणीतरी घालून जातो, दारावर दूधवाला येत नाही, शेजारच्या लग्नाचे आमंत्रण येत नाही, आजाऱ्याच्या समाचारास जावे लागत नाही. काही दिवसांनी सोमवार आणि गुरुवार यांतील भेद पुसट होऊ लागतो, कारण वारांना वेगवेगळे चेहरे देणारी कामेच उरलेली नसतात.

वारांच्या या गोंधळाची एक जुनी आणि प्रसिद्ध कथा आहे. १५१९ साली मॅगेलनबरोबर पाच जहाजे निघाली. त्यांतले एकच, ‘व्हिक्टोरिया’, १५२२ मध्ये एल्कानोच्या नेतृत्वाखाली अठरा माणसे घेऊन स्पेनला परतले. परतीच्या वाटेवर केप व्हर्द बेटांना जहाज लागले तेव्हा खलाशांच्या रोजनिशीप्रमाणे बुधवार होता. किनाऱ्यावरची माणसे म्हणत होती, आज गुरुवार. पिगाफेट्टाने तर एकही दिवस न चुकता नोंद ठेवली होती. हिशेबात चूक नव्हती. पश्चिमेकडे पश्चिमेकडे जात पृथ्वीला वळसा घालताना एक आख्खा दिवस गळून गेला होता. आजच्या उतारूंचे दिवस भूगोलाच्या नियमाने गळतात त्याहून अधिक दुसऱ्याच एका नियमाने गळतात. ज्या दिवसावर कोणाचा हक्क नाही, तो दिवस हातात राहत नाही.

म्हणून मला वाटते, दीर्घ जलपर्यटनात मनुष्य जे विकत घेतो ते समुद्राचे दर्शन नव्हे. ती कर्तव्यापासून रजा असते. आणि येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो: अशी रजा मनुष्याला मोठे करते की लहान?

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर फार कठोरपणे दिले होते. बौधायनाने समुद्रगमनाची गणना पातकांत केली आणि पुढे कलिवर्ज्यांच्या यादीतही ते आले. या सिंधुबंदीने आपला व्यापार, आपले आरमार आणि आपली जिज्ञासा यांची किती हानी केली, हे आता नव्याने सांगावयास नको. ती बेडी तुटली हे योग्यच झाले. परंतु एखादी रूढी चुकीची ठरली तरी तिच्यामागची भीती पोकळच होती, असे सिद्ध होत नाही. त्या भीतीचे मूळ खाऱ्या पाण्यात असेल असे मला वाटत नाही. गृहस्थाचे सारे जीवन ज्या नित्यकर्मांत गुंफलेले होते — संध्या, अतिथी, श्राद्ध, शेजारधर्म — ती सारी जहाजावर एकाएकी स्थगित होतात. जो महिनोन्महिने कोणाचेच काही लागत नाही, तो परत आल्यावर आपला राहील काय, ही ती शंका असावी. शंका खरी होती. तिच्यावरचा उपाय मात्र चुकला. समुद्र बंद करण्याऐवजी कर्तव्य जहाजावर नेता येते का, हे पाहावयास हवे होते.

ते नेता येते, हे एका अठरा वर्षांच्या मराठी मुलीने दाखवून दिले. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने पाण्यावर, पती बरोबर नाही, आहार आणि आचार यांची रोज कसोटी. गोपाळराव टपाल खात्यात होते आणि त्यांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, भूज, कलकत्ता अशी गावे आनंदीबाईंनी पाहिली होती. म्हणजे एका अर्थी त्या आपल्याच बिरादरीतल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि आपल्या बायकांना बाई डॉक्टर हवी हा निश्चय त्यांच्या मनात रुजला. तो निश्चय त्यांच्याबरोबर बोटीत होता. १८८६ मध्ये त्यांनी पदवी घेतली, त्याच वर्षी त्या परतल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. फळ हाती येण्यापूर्वीच आयुष्य संपले. तरी तो प्रवास वाया गेला असे कोणी म्हणत नाही. त्या दोन महिन्यांतला एकही दिवस गळून गेला नव्हता, कारण प्रत्येकावर कोणाचा तरी हक्क होता. मराठीतली समुद्रावरची सर्वांत प्रसिद्ध कविता सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचली. तीही समुद्राच्या सौंदर्याची नाही, मातृभूमीकडे परत नेण्याच्या मागणीची आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

यावर कोणी म्हणेल, की मनुष्याने जन्मभर जू मानेवर वागवावे काय? ज्याने तीस-पस्तीस वर्षे इमाने नोकरी केली, मुलांची शिक्षणे आणि लग्ने पार पाडली, त्याने उतारवयात थोडा काळ कोणाचेही काही न लागता घालविला तर त्यात अधर्म कोणता? आक्षेप रास्त आहे. आपल्या परंपरेनेही वानप्रस्थाची तरतूद केलीच होती. परंतु वानप्रस्थ आणि जलपर्यटन यांत एक मोठा भेद आहे. वानप्रस्थ कर्तव्ये सोडतो तेव्हा सेवा घेणेही सोडतो. आपले लाकूड आपण तोडतो, आपले पाणी आपण आणतो. पंढरीचा वारकरी घरची कामे मागे ठेवतो, पण दिंडीत त्याच्या वाट्याला दुसरी कामे येतात. सफरीवरचा उतारू कर्तव्ये सोडतो आणि सेवा मात्र पूर्वीपेक्षा अधिक घेतो. त्याची रजा दुसऱ्या कोणाच्या तरी कामावर उभी असते.

आणि तो दुसरा पुष्कळदा आपल्याच किनाऱ्याचा असतो. रत्नागिरीच्या खाड्यांतले मुसलमान खलाशी आणि गोव्याचे ख्रिस्ती खानसामे ब्रिटिश आगबोटींवर पिढ्यान्‌पिढ्या राबले. मुंबईच्या धोबीतलावाकडे गोव्यातील एकेका गावाच्या नावाने ‘कूड’ असत. बोट मिळेपर्यंत त्या गावचा खलाशी तेथे पेटी टेकवून राही. आजही सफरींच्या बोटींवर ताटे मांडणारे आणि चादरी बदलणारे हात मोठ्या संख्येने भारतीयच आहेत, आणि त्यांचा करार महिन्यांनी मोजलेला असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही बोट साथीमुळे अडकली, तेव्हा तिच्यावर ३,७११ माणसे होती. उतारूंना आपापल्या खोल्यांत राहण्याचा हुकूम झाला; त्यांच्या दाराशी जेवण पोहोचविणाऱ्यांना मात्र खोलीत बसून राहण्याची सोय नव्हती. बोटीवरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारी होते. त्याच वर्षाअखेर जगभर सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. समुद्र एकच, बोट एकच. एकाच्या दृष्टीने ती रजा, दुसऱ्याच्या दृष्टीने न संपणारी पाळी. दीर्घ सफर कशी असते, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर असू शकत नाही. कोणत्या मजल्यावरच्या माणसाला विचारता, यावर ते अवलंबून आहे.

सेवा घेणारा आणि देणारा हा भेदच जेथे नाही, अशीही एक सफर असते. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकटे निघाले आणि चार ठिकाणी थांबून, पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० रोजी परतले. शिडांतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. असा प्रवासीही निघाला तेथेच परततो. तथापि त्याला क्षणाची रजा नाही. दोर तुटला तर तो त्यानेच जोडावयाचा, आणि झोपही तुकड्यातुकड्यांनी घ्यावयाची.

पण एकाकी नाविकापुढेही परतण्याचा प्रश्न उभा राहतोच. १९६८-६९ च्या पहिल्या एकट्याने, न थांबता करावयाच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत फ्रेंच नाविक मोआतेसिए याला मोठी संधी होती. दक्षिण समुद्र ओलांडल्यावर त्याने इंग्लंडकडे वळण्याचे नाकारले आणि तो तसाच पुढे ताहितीला गेला. समुद्रावर आपण सुखी आहोत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी परतला, आणि मिळालेले ५,००० पौंडांचे बक्षीस त्याने शर्यतीत मरण पावलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या, क्रोहर्स्टच्या, कुटुंबाला देऊन टाकले. मोआतेसिएच्या निर्णयात एक उदात्तता आहे, हे मी नाकारीत नाही. कीर्ती आणि पैसा यांना पाठ दाखविणे सोपे नाही. तरीही देता येते ते परतलेल्यालाच. जो किनारा सोडूनच देतो, त्याच्या मुक्तीचा वाटा कोणाच्याही ताटात पडत नाही.

हे सारे आपणांस कशाला, असे वाचक विचारतील. भिलईहून समुद्र शेकडो मैल दूर आहे; येथे पाणी म्हणजे शिवनाथचे. परंतु विचार करता असे वाटते, की आपण बदलीवरचे लोक एका फार लांबच्या सफरीवरच आहोत. १९५९ च्या फेब्रुवारीत येथली पहिली झोतभट्टी पेटली आणि तिच्याभोवती सेक्टरांची ही वसाहत उभी राहिली. तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, मराठी सारे एका बोटीत आल्यासारखे आले. निवृत्तीच्या दिवशी क्वार्टरची किल्ली परत करावयाची, हे चढतानाच ठरलेले. म्हणून पुष्कळजण येथील वर्षे दोन बंदरांमधल्या पाण्यासारखी मानतात. शेजारी म्हणजे सहप्रवासी. झाड लावावयाचे ते पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरापुढे. जगावयाचे ते उतरल्यावर.

यात एक सूक्ष्म अप्रामाणिकपणा शिरतो. गावाकडे वडील आजारी असले, भावाला हातभार हवा असला, की आपण सांगतो: आम्ही पडलो परमुलुखात, रजा मिळत नाही. येथे मोहल्ल्यात कोणाची अडचण निघाली, शाळेच्या समितीवर कोणी हवे असले, की आपण म्हणतो: आम्ही काय, आज आहोत, उद्या बदली. दोन्ही किनाऱ्यांना आपण एकाच सबबीने वाटेला लावतो, आणि मध्ये उरते ती कोणाचाच हक्क नसलेली तीस वर्षे. सफरीवरचा उतारू निदान आपल्या रजेचे पैसे मोजतो. आपण ती न मागता घेतो, आणि ती घेतल्याचे कोणत्याही रजिस्टरात चढत नाही. मुले मात्र येथेच जन्मतात, येथल्याच बोलीत भांडतात; त्यांच्या दृष्टीने हे मधले पाणी नाही, जमीन आहे. बापाच्या स्थगित आयुष्यात त्यांना बालपण काढावे लागते.

तेव्हा दीर्घ प्रवासात वाईट काय, याचे उत्तर दूर जाण्यात नाही, परत येण्यातही नाही. मधल्या काळाला आयुष्यात न धरणे हेच वाईट. जहाजावर खलाशाची चार तासांची पाळी असते, जशी कारखान्यात आठ तासांची. त्या चार तासांत बंदर किती दूर आहे हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. खाली झोपलेली माणसे त्याच्या भरवशावर झोपलेली असतात, एवढे त्याला पुरते. आपण कोणत्या गावचे, हे जन्मदाखल्यावर लिहिलेले असते. आपण कोठे राहतो, हे मात्र आपल्या भरवशावर कोण झोपते यावरून ठरते.