त्याग की नुसते मरण?

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की एक बुळबुळीत थर जाणवतो. तो थर म्हणजे जीवाणूंची एक वसाहतच होय. शास्त्रज्ञ तिला ‘बायोफिल्म’ म्हणतात. एकेकटे तरंगणारे जीवाणू एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्याचे आवरण निर्माण करतात आणि त्याच्या आश्रयाने एकत्र राहू लागतात. या आवरणात शर्करांच्या साखळ्या व प्रथिने असतात. तसाच पेशीबाहेर पडलेला डीएनएही असतो.

हा डीएनए म्हणजे मेलेल्या पेशींचा निव्वळ केरकचरा, असा समज दीर्घकाळ होता. २००२ साली सिंथिया व्हिटचर्च, जॉन मॅटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ या जीवाणूवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. डीएनए तोडणारे विकर कोवळ्या थरावर सोडताच तो थर विरघळून गेला. जुन्या, मुरलेल्या थरावर मात्र त्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणजे ज्याला कचरा समजले गेले, तेच वसाहतीच्या उभारणीच्या काळातले बांधणीचे द्रव्य ठरले. पुढे २०१६ साली व्हिटचर्च यांच्याच गटाने दाखवून दिले की, काही पेशी आपला दंडगोल आकार सोडून गोल होतात आणि क्षणार्धात फुटतात. त्यांच्यातून बाहेर पडलेला डीएनए इतरांच्या उपयोगी पडतो.

हे वाचताच कोणाही उपदेशकाला मोह व्हावा : पाहा, एवढासा जीवाणूदेखील समाजासाठी प्राण वेचतो! परंतु या मोहापाशी क्षणभर थबकणे इष्ट आहे. फुटणाऱ्या पेशीने काही निवडलेले नसते. ताण पडला, आतले एक विकर जागे झाले, भिंत फुटली, इतकेच. तिच्या मरणाचा इतरांना उपयोग झाला हे खरे; परंतु उपयोग होणे वेगळे आणि अर्पण करणे वेगळे. जिथे ‘नाही’ म्हणण्याची मुभा नाही, तिथे ‘होय’ला नैतिक मोल कोठून येणार?

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता नाही, तो आपल्या घरातही आहे. एखाद्या कुटुंबातील थोरली मुलगी शाळा सोडते, कामाला लागते, धाकट्यांची शिक्षणे पार पाडते आणि स्वतः अविवाहित राहते. पुढे घरातील प्रत्येक समारंभात तिच्या ‘त्यागा’चा गौरव होतो. तथापि, तिला त्या वेळी कोणी विचारले होते काय? तिने मनःपूर्वक होकार दिला असेल, तर तिच्यापुढे आपण नतमस्तक व्हावे. विचारलेच नसेल, तर ज्याला आपण त्याग म्हणतो, ती कदाचित आपणच तिच्याकडून केलेली वसुली असेल. गोड शब्दाने ऋण फिटत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डीएनएने बांधलेला हा थर सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाच्या फुप्फुसातही ठाण मांडतो आणि काही प्रतिजैविकांना दाद देत नाही. जीवाणूंची ती घट्ट एकजूट रुग्णाच्या मात्र जिवावर उठते. तेव्हा एकजूट हा स्वयंभू सद्गुण नव्हे. ती कशासाठी आणि कोणाच्या जिवावर, हे विचारल्यावाचून तिची थोरवी गाऊ नये. हे घराला लागू आहे, तसेच समाजालाही.

निसर्ग आपल्याला पुष्कळ काही दाखवतो. परंतु काय करावे हे तो सांगत नाही. तो निवाडा विवेकाने करायचा असतो. जीवाणूंना आपल्या मृतांचे स्मरण नसते. आपल्याला असते, आणि जिवंतांना विचारण्याची सोयही असते. आपल्या घराचा पाया झालेली ती बहीण अजून हयात असेल, तर पुढच्या समारंभातील गौरवाच्या भाषणाआधी एकदा तिच्याजवळ बसावे आणि विचारावे, “ताई, तुला काय हवे होते?” उत्तर कदाचित ऐकवणार नाही, तरीही ते ऐकावे.