शनिवारी बंद असणारा घाणा

अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण या कोकणातल्या पट्ट्यातल्या बेने इस्राएल ज्यूंना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. जुन्या गावगाड्यात ही सोपी गोष्ट नव्हती. डोळ्यांवर झापडं बांधलेला बैल दिवसभर त्याच रिंगणात फिरायचा तेव्हा कुठे तेल उतरायचं, आणि खाडा केला की गिऱ्हाईक दुसऱ्या तेल्याकडे वळायचं. तरी शुक्रवारी दिवस मावळला की बैल सुटायचा. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजात परंपरेने चालत आलेली कथा आहे. पोथ्या गेल्या, हिब्रू विसरली गेली, पण शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, टिकला. आणि शब्बाथची आज्ञा नुसत्या धन्यापुरती नाही. चाकर, दासी, दारात आलेला परका, बैल आणि गाढव या सगळ्यांचा विसावा ती एका दमात सांगते.

हे आधी सांगितलं, कारण उदारमतवादी धर्म म्हणजे इंग्रजी शिकलेल्यांनी विलायतेहून आणलेली सोय, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्याबद्दलही तसं म्हणता येईल. आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावाचं, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे लंडनमध्ये. तिथे क्लॉड माँटेफिओरे आणि लिली माँटेग्यू यांनी 1902 मध्ये उभी केलेली उदारमतवादी ज्यू चळवळ त्यांनी पाहिली आणि 1925 मध्ये मुंबईत ‘ज्युइश रिलिजस युनियन’ सुरू केली. ‘रोदेफ शालोम’ हे सिनेगॉग तिचंच. तिथे स्त्रीपुरुष एकत्र बसत, प्रार्थना कळेल अशा भाषेत होई. सनातनी मंडळींना हा धर्म पातळ केल्यासारखा वाटला असेल, तर नवल नाही.

पण त्यांचं बाकीचं आयुष्य पाहा. 1928 ते 1947 त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात, याचा त्यांनी रीतसर तपास केला आणि 1941 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या मरणाला घरोघरी नशीब म्हणून हात जोडले जात, त्याची कारणं त्यांनी एकेक करून मांडली. मला हा तपास त्यांच्या प्रार्थनेपासून वेगळा काढता येत नाही. योम किप्पूर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा, हिशेबाचा दिवस. कोकणातले बेने इस्राएल त्याला दारफळणीचा सण म्हणत आणि दारं लावून घरात उपास करत. त्या दिवशीचा कबुलीजबाब अनेकवचनी असतो: ‘आम्ही’ चुकलो. जे पाप मी स्वतः केलेलं नाही, तेही माझ्या खात्यावर पडतं. आत्मचिंतनाची ही रीत खरी मानली, तर शेजारच्या वाड्यातल्या बाळंतिणीचं मरणही आपल्याच हिशेबात धरावं लागतं.

आणि हिशेब घरापासून सुरू होतो. याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असे दोन तट होते. काळे म्हणजे मिश्र संबंधांतली संतती मानलेले लोक. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, रोटीव्यवहारही नाही. बैलाला विसावा देणारा माणूस शेजारच्या काळ्याला पंगतीत घेत नव्हता. जातीचं वारं या किनाऱ्यावर कोणालाच चुकलं नाही, हे खरं. पण तेवढ्याने सुटका होत नाही. कर्मठपणा सोडून समजून उमजून प्रार्थना करणाऱ्याला हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण रूढीच्या आड लपण्याची सोय त्याने स्वतःच मोडलेली असते.

उदारमतवादी हिंदूंच्या प्रार्थना समाजाचंही असंच झालं. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात युनिटेरियन मंडळींच्या साहाय्याने शिकले, परतून समाजाचे प्रचारक झाले आणि 18 ऑक्टोबर 1906 रोजी त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. 1910 मध्ये प्रचारकाचं काम सुटलं, मिशन सुटलं नाही. एकेश्वरी उपासना पटणारे पुष्कळ होते. अस्पृश्य वस्तीत जाऊन राहणारा विरळा. उदार मंडळ्यांचं दुखणं नेहमी इथेच असतं. विचार पटलेला असतो, पाय निघत नाही.

पुन्हा कोकणात येऊ. अलिबागच्या इस्राएल आळीतलं ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग 1848 चं. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवणं कोकणात अवघड झालं. उदार परंपरेत त्या दहांत बायकाही मोजल्या जातात. मलिदा नावाच्या प्रसादाचे गोड पोहे कालवून, त्यात खोबरं घालून, फळांनी ताट सजवणाऱ्या आणि एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने नवस फेडणाऱ्या बायकांनीच इथे पिढ्यान्‌पिढ्या धर्म जगवला. त्यांना मोजायला लंडनच्या पुस्तकाची गरज नव्हती. शब्बाथच्या आज्ञेत दासीचंही नाव होतं, ते पुरेसं होतं.