पहिला मजला कोणता?

लंडनमध्ये 'फर्स्ट फ्लोअर'वर जायला जिना चढावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरून दाराच्या आत पाऊल टाकले की माणूस बहुधा 'फर्स्ट फ्लोअर'वरच उभा असतो. ब्रिटिश इंग्रजीत जमिनीलगतचा मजला 'ग्राउंड फ्लोअर' ठरतो आणि मोजणी त्याच्या वरून सुरू होते. अमेरिकी इंग्रजीत तोच पहिला. मग मजल्याचा क्रमांक इमारतीत असतो की मोजणाऱ्याच्या मनात?

जर्मन तत्त्वज्ञ गोटलोब फ्रेगे यांनी १८८४ साली अंकगणिताच्या पायाविषयीच्या ग्रंथात दाखवले की संख्या वस्तूला नव्हे, संकल्पनेला लागू होते. हातातला पत्त्यांचा जोड जोड म्हणून एक, पत्ते म्हणून बावन्न. काय मोजायचे हे ठरेपर्यंत 'किती' या प्रश्नाला अर्थच नाही. ब्रिटिश माणूस जमिनीपासून उचललेले मजले मोजतो, अमेरिकी माणूस पायाखालचा प्रत्येक मजला. इंग्रजीतलाच 'स्टोरी' हा शब्द याचा उत्तम पुरावा आहे. तो एकावर एक रचलेले थर मोजतो, आणि तीन 'स्टोरी'चे घर दोन्ही देशांत तीनच थरांचे असते; फक्त सर्वांत वरचा 'फ्लोअर' लंडनमध्ये दुसरा आणि न्यूयॉर्कमध्ये तिसरा.

मराठी मोजणी ब्रिटिश वळणाची. 'मजला' हा शब्द अरबी 'मंझिल'वरून, म्हणजे प्रवासातल्या मुक्कामावरून आला. 'मजल दरमजल'मधली मजलही तीच. निघण्याची जागा मुक्कामांत धरत नाहीत, त्यामुळे तळमजला मोजणीबाहेर राहणे या शब्दाला शोभते. 'तळ अधिक तीन मजली' ही मुंबईतली शब्दयोजना तर काय मोजले तेही सांगून टाकते.

याचा अर्थ क्रमांक ही मनाची लहर आहे असा नाही. फ्रेगे यांचे उदाहरण उत्तर समुद्राचे आहे: त्याची सीमा कुठे आखायची हे माणसांनी ठरवले, पण त्या सीमेतले क्षेत्रफळ माणसांच्या इच्छेने बदलत नाही. मजल्यांचेही तसेच, संकल्पना निवडता येते, उत्तर निवडता येत नाही. अशुभाच्या भीतीने अमेरिकेतल्या अनेक इमारतींत लिफ्टच्या बटणांवर १२ नंतर थेट १४ येतो. तिथे मोजण्याची संकल्पना बदललेली नसते, फक्त पाटी बदललेली असते. १४ लिहिलेल्या दारामागे राहणारे कुटुंब खालून तेराव्याच मजल्यावर झोपते.