धीर कशासाठी धरायचा?

धीर धरणे हा सद्गुण आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण धीर कशासाठी धरायचा आणि कुठे धरायचा नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या उदाहरणातून हा प्रश्न चांगला उलगडतो. तिथे विद्यापीठाचा संघ म्हणजे साऱ्या गावाचा अभिमान. खेळणारी मुले साधारण १८ ते २२ वर्षांची असतात. ती येतात, शिकतात आणि निघून जातात. प्रशिक्षक मात्र राहतो. म्हणून संघ हरू लागला की चाहत्यांचा सारा राग त्याच्यावर निघतो.

१९८० मध्ये ड्यूक विद्यापीठाने माइक शशेफ्स्की या तरुण प्रशिक्षकाची नेमणूक केली. दुसऱ्या हंगामात संघाने १० सामने जिंकले आणि १७ गमावले. तिसऱ्यात ११ जिंकले आणि पुन्हा १७ गमावले. १९८३ च्या शेवटच्या सामन्यात व्हर्जिनियाने त्यांना १०९–६६ असे हरवले. ‘याला काढा’ अशी मागणी होऊ लागली. क्रीडा विभागाचे प्रमुख टॉम बटर्स यांनी मात्र त्यांना काढले नाही. पुढे याच प्रशिक्षकाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि २०२२ पर्यंत ते त्याच विद्यापीठात राहिले.

ही कथा ऐकून आपण लगेच म्हणतो, ‘पाहा, धीराचे फळ गोड असते.’ इथेच थोडे थांबायला हवे. ज्यांना पुरेसा वेळ मिळूनही विजेतेपद मिळाले नाही, असे प्रशिक्षकही पुष्कळ आहेत. मग त्यांच्याबाबत दाखवलेला धीर वाया गेला का? पाच विजेतेपदे मिळाली म्हणून धीर योग्य ठरत असेल, तर तो धीर नव्हेच. तो फळावर नजर ठेवून केलेला सौदा आहे. निर्णय योग्य होता की नाही, हे १९८३ मध्ये जे दिसत होते त्यावरूनच ठरवले पाहिजे.

काय दिसत होते तेव्हा? गुणफलक पाहणाऱ्याला १७ पराभव दिसत होते. जो मैदानाकडे पाहत होता त्याला दिसत होते, की जॉनी डॉकिन्स, मार्क अलारी, जे बिलास ही पहिल्या वर्षाची मुले अनुभवी खेळाडूंशी झुंजत आहेत. ती हरत होती, पण घडतही होती. हीच मुले शेवटच्या वर्षात असताना, १९८६ मध्ये, संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तो सामना ते हरले. तरीही त्या चार वर्षांचे काम खोटे ठरले नाही.

म्हणून धीर म्हणजे डोळे मिटून वाट पाहणे नव्हे. निकालामागचे काम डोळे उघडे ठेवून पाहणे म्हणजे धीर. ते काम होतच नसेल, तर प्रशिक्षक बदलणे हा अधीरपणा नाही. तो निर्णयही माणसाचा अपमान न करता घेता येतो.

अपमान किती सहज होतो, हे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात दिसले. १९६५ मध्ये एका पराभवानंतर संघ बसने परतला, तेव्हा प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा पुतळा फासावर लटकवलेला होता. बिली कनिंगहॅम हा खेळाडू बसमधून उतरला आणि त्याने तो पुतळा खाली ओढला. पराभव त्याचाही झाला होता. पण रोजच्या सरावात प्रशिक्षक काय देतात, हे तो जाणत होता. बाहेरच्या जमावाला फक्त निकाल ठाऊक होता.

आता याची दुसरी बाजू पाहू. इंडियाना विद्यापीठाचे बॉब नाइट यांनी तीन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. त्यांचा संताप सर्वांना माहीत होता. १९८५ मध्ये त्यांनी भर सामन्यात मैदानावर खुर्ची फेकली. सरावात त्यांचा हात एका खेळाडूच्या गळ्याशी गेल्याचे चित्रीकरणही पुढे आले. अखेर २००० मध्ये विद्यापीठाने त्यांना काढले, तेव्हा विद्यार्थ्यांचे जमाव त्यांच्याच बाजूने रस्त्यावर उतरले. प्रामाणिक माणसाच्या पराभवाला तीन वर्षे देणे आपल्याला जड जाते, आणि जिंकणाऱ्याच्या कठोरपणाला आपण अनेक वर्षे देऊन टाकतो. दोन्हीचे मूळ एकच आहे: आपले प्रेम मुलांवर किंवा खेळावर नसून विजयावर असते.

यातून आपल्यासाठीही एक कसोटी मिळते. एखाद्यावर संतापण्यापूर्वी स्वतःला विचारावे: मी त्याचे काम पाहिले आहे का, की फक्त निकाल? आणि एखाद्याला सांभाळून घेताना विचारावे: त्याच्या हाताखालच्या माणसांचे काय होत आहे? परीक्षेत मागे पडलेला मुलगा, नवीन जबाबदारी घेतलेला सहकारी, संस्थेचा नवा कार्यवाह, या सर्वांना हीच कसोटी लावता येईल. पुढच्या वेळी गुण कमी आले, की गुणपत्रिका बाजूला ठेवून त्या मुलाची वही उघडून पाहावी.