पहिले हिम आणि तृष्णा

जपानमधील ३,७७६ मीटर उंचीच्या फुजी पर्वतावर शरद ऋतूत पडणाऱ्या पहिल्या हिमाची गिर्यारोहक आतुरतेने वाट पाहतात. ही आतुरता म्हणजे बौद्ध दर्शनाने दुःखाचे मूळ मानलेली तृष्णा, अर्थात सुखाला चिकटून राहू पाहणारी तहान, आहे काय, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. कोफू येथील हवामान कार्यालयातून शिखरावरचे हिम नुसत्या डोळ्यांनी दिसले, तरच ते अधिकृतपणे पहिले ठरते, आणि ढग आडवे आले तर हिम पडूनही घोषणा लांबते. सरासरीने २ ऑक्टोबरला येणारा हा दिवस २०२४ साली ७ नोव्हेंबरला, म्हणजे १८९४ पासूनच्या नोंदींत सर्वांत उशिरा, उजाडला. २०२१ साली तर ७ सप्टेंबरची घोषणा, शिखरावर पुढे अधिक उष्ण दिवस नोंदला गेल्यामुळे, मागे घ्यावी लागली. जे मागून मिळत नाही आणि मिळाल्यावरही हातचे जाऊ शकते, त्याची वाट पाहणे हा अनित्यतेचा, म्हणजे उत्पन्न झालेले सर्व काही लय पावते या तत्त्वाचा, खरा अभ्यास होय. शिवाय चढाईचे नेहमीचे मार्ग सप्टेंबरमध्येच बंद होत असल्याने बहुतेकांना हे हिम पायथ्यावरूनच पाहावे लागते, आणि जिथे हाती घेण्यासारखे काही उरतच नाही, तिथे तृष्णेला फारसा थारा नसतो. हिम ठरल्या तारखेला पडलेच पाहिजे, हा हट्ट मात्र तृष्णाच आहे.