अपुल्लोसाची कुदळ

(वाचावे : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ३, वचने ५ ते ९)



करिंथ येथील मंडळीत तट पडले होते. कोणी आपणास पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा. त्यांस पौल शेताचा दाखला देतो. लावणी करणारा तो स्वतः, पाणी देणारा अपुल्लोस. पीक मात्र दोघांपैकी कोणाचेच नव्हे, ते देवाचे. आपण खेड्यातली माणसे. हा दाखला आपणास फोडून सांगावा लागत नाही. बांधावर उभे राहणाऱ्यास लावणी दिसते व कापणी दिसते. रात्री चिखलात उभा राहून दारे धरणारा कोणास दिसत नाही.

आफ्रिका खंडातील युगांडा देशात एका मनुष्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेताना ह्याच अपुल्लोसाचे नाव घेतले. तिकडे त्याचा उच्चार अपोलो असा करितात. हे अपोलो किवेबुलाया. ते साहेब नव्हते, त्याच भूमीचे पुत्र होते. पूर्वी मुसलमान होते, शिपाईगिरीही त्यांनी केली होती.

सेमलिकी नदीपलीकडे, काँगोच्या घोर अरण्याच्या कडेला म्बोगा नावाचे गाव आहे. तेथे अगोदर दोन उपदेशक गेले होते. परंतु गावकरी अन्न देईनात. बगांडा लोकांच्या चालीप्रमाणे जमीन खणणे हे बायकांचे काम. पुरुषाने, त्यातून शास्त्र शिकविणाराने कुदळ धरणे कमीपणाचे. शेवटी उपासमारीने ते दोघे परतले. आम्ही त्यांस दोष देत नाही. रिकाम्या पोटी परक्या गावी राहणे सोपे नाही. परंतु १८९६ साली अपोलो म्बोगास निघाले, तेव्हा त्यांनी बरोबर एक कुदळ घेतली असे सांगतात. त्या कुदळीने गावास सांगितले की, हा मनुष्य राहावयास आला आहे.

तरीही मार्ग सोपा झाला नाही. गावचा नायक ताबारो उलटला, अपोलो ह्यांस मार बसला. १८९८ साली मंदिराच्या बांधकामासाठी बोरू वाहून आणण्याचे काम चालले असता नायकाची बहीण भाल्यावर पडून मरण पावली. खुनाचा आळ अपोलो ह्यांजवर आला, आणि त्यांस तोरो येथे बंदीत टाकण्यात आले. त्या अंधारात प्रभू येशूने दर्शन देऊन आपणास धीर दिला, असे त्यांनी पुढे सांगितले. सुटका झाल्यावर ते कोठे गेले? पुनः म्बोगासच! आणि ज्या ताबारोने त्यांस छळिले, त्यानेच पुढे बाप्तिस्मा घेऊन पौल हे नाव धारण केले. पाहा, पाणी देणाऱ्याने पाणी दिले, आणि देवाने खडकातून अंकुर काढिला.

१९०३ साली अपोलो ह्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. पन्नाशी उलटून गेल्यावर, १९२१ च्या सुमारास, ते अरण्यात शिकारीवर जगणाऱ्या ठेंगण्या म्बुटी लोकांत जाऊ लागले. शेजारचे लोक त्या लोकांस तुच्छ मानीत. अपोलो त्यांच्याजवळ जमिनीवर बसले, त्यांची भाषा शिकले, आणि मार्काचे शुभवर्तमान त्यांच्या बोलीत उतरविले. ३० मे १९३३ रोजी ते प्रभूत निजले. मृतांचे डोके पूर्वेस ठेवण्याची तिकडे चाल होती. आपले डोके पश्चिमेस ठेवावे, असे त्यांनी सांगून ठेविले होते, कारण अरण्य त्या दिशेस होते व तेथे शुभवर्तमान पोहोचावयाचे राहिले होते.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांपैकी कित्येकांचे मन आम्ही जाणतो. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर नाही. गावात दोनचार घरे, आणि त्यांतही भांडण. रात्री दिवा मालवताना मनात येते की, दुसरे गाव मागून घ्यावे. अशा रात्री म्बोगाची कुदळ आठवा. वाढविणे तुमच्याकडे सोपविलेले नाही. तेव्हा वाढ दिसत नाही म्हणून खचू नका. पाणी देणे मात्र तुमच्याकडे आहे. ते टाकून जाऊ नका.

आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, आमचा उपदेशक कुदळ धरील, मग आम्हांस देणे नको, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या पौलाने स्वतः तंबू शिवून पोट भरिले, त्यानेच त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात शुभवर्तमान सांगणाऱ्याच्या निर्वाहाचा भार ऐकणाऱ्यांवर ठेविला आहे. म्बोगाचे ते पहिले दोघे कशामुळे परतले? छळामुळे नव्हे, तर कोणी भाकर दिली नाही म्हणून. आपल्या गावाहून कोणी सेवक त्याच कारणाने परतला, तर त्याचा जाब देव कोणास विचारील? दळताना काढिलेले मूठभर धान्यही प्रभू मोजतो.

म्बोगास आता बोगा म्हणतात. १९७२ साली तेथे बिशपाचा प्रांत स्थापन झाला. परंतु मे २०२१ मध्ये सशस्त्र टोळ्यांनी त्याच गावावर हल्ला करून पुष्कळांचे प्राण घेतले. येत्या रविवारी उपासनेत त्या दूरच्या भावंडांची आठवण करा. त्यांचे शेत आणि आपले शेत एकाच धन्याचे आहे.

तो प्रभू आपल्या हातांस बळ देवो, आणि आपल्या पाण्यास वाढ देवो. आमेन.