सुईदोरा आणि बैलाचा खांदा

राबणाऱ्या जनावरांसाठी झूल, गाद्या शिवून पाठवण्यापेक्षा पिशव्या शिवून विकाव्यात आणि पैसे जनावरांवर उपचार करणाऱ्या संस्थेला द्यावेत, असं मला वाटतं. उसाच्या गाडीच्या बैलाचा खांदा जुवाखाली घासतो; तिथल्या गादीची शिवण जाड असली तर तीच कातडं सोलते. माप जनावराशेजारी उभं राहूनच घ्यावं लागतं. डोरोथी ब्रूक यांनी कैरोतल्या थकल्या युद्धघोड्यांसाठी १९३१ साली वर्तमानपत्रातून हाक दिली, ती पैशांसाठीच. १९३४ मध्ये तिथे दवाखाना उभा राहिला. पिशव्यांतून मिळून मिळणार किती? थोडंच. पण जखम धुवायलाही फार लागत नाही. ओझं तेच राहिलं तर मलमपट्टी कशाला, हा आक्षेप मात्र खरा आहे. पण राबवण्यालाही मर्यादा आहे: पारा ३७ अंशांपुढे गेला की दुपारी १२ ते ३ जनावर जुंपू नये, असा नियम भारतात १९६५ पासून आहे. पिशवीच्या चिठ्ठीवर तो छापायला काय हरकत आहे?